पथ्य एकट्या मुलाचे नव्हे

(लातूर व नांदेड जिल्ह्यांतील शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांच्यासमोर एका बालरोगतज्ज्ञाने दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मराठवाड्यात बालकांच्या आहाराविषयी बोलावयाचे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम कुपोषित बालक उभे राहते, आणि ते योग्यच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील दर १०० बालकांपैकी सुमारे ३५ बालके वयाच्या मानाने खुजी आहेत. हा प्रश्न संपलेला नाही. परंतु त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे. त्याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. प्रमाणाबाहेर वजन असलेल्या बालकांचे प्रमाण राज्यात आधीच्या पाहणीत १.९ टक्के होते, ते ४.१ टक्क्यांवर गेले. आकडा लहान आहे, पण त्याची दिशा चिंता वाटावी अशी आहे. एकाच गावात, क्वचित एकाच घरात, एक लेकरू वाळलेले आणि दुसरे प्रमाणाबाहेर वाढलेले, असे दृश्य आता मला नवे राहिलेले नाही.

आज मी आपल्यासमोर मांडणार आहे तो प्रश्न याहूनही थोडा अवघड आहे. मूल स्थूल आहे आणि त्याला दुसरा एखादा आजारही आहे. कोणास दमा, कोणास थायरॉइडचा विकार, कोणास मूत्रपिंडाचा, तर कोणास जन्मतःच अपंगत्व. अशा मुलाच्या तोंडातील घास काढून घ्यावा तर आजारी मुलाची उपासमार होते, आणि मागेल ते द्यावे तर वजनामुळे आजार बळावतो. या पेचात सापडलेल्या आईबापांना आपण काय सांगावयाचे?

एका मुलीची हकिगत

लातूर-नांदेड रस्त्यावरील एका गावातील मुलीची हकिगत सांगतो. तिचे व गावाचे नाव सांगत नाही, आणि तिची ओळख पटू नये एवढ्यापुरते काही तपशील बदलले आहेत. वडील डाळमिलमध्ये कामाला, आई शिवणकाम करणारी, घरात आजी आणि धाकटा भाऊ. मुलगी सहा वर्षांची असताना एके सकाळी तिचे डोळे सुजलेले दिसले. दोन-चार दिवसांत पाय व पोटही सुजले. तपासणीत नेफ्रोटिक सिंड्रोम हा विकार निघाला. या विकारात मूत्रपिंडाची चाळणी सैल होते, रक्तातील प्रथिने लघवीवाटे निघून जातात आणि अंगात पाणी साठते. यावर स्टेरॉइडच्या गोळ्या हाच मुख्य उपचार असतो, आणि बहुतेक मुलांना त्याचा चांगला गुण येतो. मात्र हा विकार पुनःपुन्हा उलटण्याचा संभव असतो. या मुलीच्या बाबतीत तसेच झाले, आणि तीन वर्षांत तिला अनेकदा गोळ्या घ्याव्या लागल्या.

स्टेरॉइडने भूक विलक्षण वाढते. ही भूक खरी असते. तो हट्ट नव्हे, हावरटपणा तर मुळीच नव्हे. जेवून उठलेले मूल अर्ध्या तासात पुन्हा डबे उघडू लागते. शिवाय औषध दीर्घकाळ चालल्यास उंचीची वाढ मंदावते. नऊ वर्षांची होईतो त्या मुलीचे वजन ३६ किलो झाले आणि उंची १२४ सेंटीमीटर राहिली. चेहरा चंद्रासारखा गोल झाला. वर्गातील मुलांनी नाव ठेवले. मुलगी मधल्या सुट्टीत पंगतीला बसेनाशी झाली आणि शाळा सुटल्यावर दुकानातून पाकीट घेऊन आडोशाला खाऊ लागली.

घरच्यांनी आपापल्या परीने उपाय केले. आईने तिचे ताट वेगळे केले. भावाला दोन पोळ्या व गूळ-तूप, हिला अर्धी भाकरी. आजीला ते बघवेना, म्हणून ती आईच्या पाठीमागे लाडू देऊ लागली. अखेरीस कोणा नातलगाने सांगितले की पोर या गोळ्यांनीच फुगली आहे, गोळ्या बंद करा. वडिलांनी त्या बंद केल्या. पंधरवड्याच्या आत मुलगी पुन्हा सुजली, आणि ज्या अवस्थेत तिला दवाखान्यात आणले ती आठवली की आजही जिवाचा थरकाप होतो.

येथे एक गोष्ट आपण सर्वांनी पक्की ध्यानात ठेवावी. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्याच्या शरीरात त्या जातीचा नैसर्गिक स्राव निर्माण करणाऱ्या ग्रंथी मंदावलेल्या असतात. अशा वेळी औषध एकाएकी बंद केल्यास केवळ मूळ आजार उलटतो असे नाही, तर जिवावरही बेतू शकते. वजन वाढले म्हणून आजाराचे औषध घरच्या घरी बंद करणे यासारखी दुसरी घातक चूक नाही. औषध कमी करावयाचे ते डॉक्टरांनी, पायरीपायरीने. घराच्या आणि शाळेच्या हाती असतो तो आहार.

आजीचे म्हणणे

त्या आजी मला म्हणाल्या, "साहेब, लेकरू भुकेलं म्हणतंय, अन् मी डबा लपवून ठेवू? बहात्तरच्या दुष्काळात आम्ही सुकडीवर दिवस काढलेत. भूक काय असती ते मला विचारा."

मित्रहो, या उद्गारास हसू नका. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर वाढलेली पिढी आज घराघरांत आजी-आजोबा आहे. तिच्या लेखी भरलेल्या अंगाचे मूल म्हणजे घराची बरकत. 'गुटगुटीत' हा शब्द आपल्या भाषेत कौतुकाचाच आहे. ज्यांनी उपासमार पाहिली त्यांना 'मुलाला कमी द्या' असे सांगून पटत नाही, आणि पटू नयेही. म्हणून मी त्यांना म्हणालो, "आजी, कमी देऊ नका. दुसरे द्या." या एका वाक्यावर माझे आजचे सर्व बोलणे उभे आहे.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांत गरोदर मातांचा व त्यांच्या बालकांचा दीर्घकालीन अभ्यास केला. त्यात असे आढळले की आपली नवजात बालके वजनाने इंग्लंडमधील बालकांपेक्षा बरीच हलकी असली, तरी त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण त्या मानाने अधिक असते. म्हणजे दिसावयास बारीक, पण आतून मेदयुक्त. असे मूल पुढे अकारण गोडधोड व तळलेले खाऊन वाढले तर मधुमेहासारखे विकार त्याला लवकर गाठतात. कुपोषण आणि स्थूलता या दोन विरुद्ध टोकांच्या गोष्टी नव्हेत. एकाच चुकीच्या आहाराची ती दोन फळे आहेत.

आधी कारण, मग पथ्य

स्थूल मुलाच्या बाबतीत पहिले काम ताटाचे नसून मोजपट्टीचे आहे. उंची आणि वजन एकाच वेळी, दर तीन महिन्यांनी मोजून लिहून ठेवावे. केवळ जास्त खाऊन वजन वाढलेले मूल बहुधा वयाच्या मानाने उंचही असते. याउलट वजन वाढते आहे आणि उंची खुंटली आहे असे दिसले, तर थायरॉइड किंवा अन्य ग्रंथींचा विकार, अथवा स्टेरॉइडचा परिणाम, यांची शंका घ्यावी व मुलाला तज्ज्ञांकडे पाठवावे. मानेच्या मागे, काखेत कातडी काळी व मखमलीसारखी जाड झालेली दिसते. पुष्कळ आया ती मळ समजून घासत बसतात. तो मळ नव्हे. शरीरात इन्सुलिनचे काम नीट होत नसल्याची ती खूण असू शकते. झोपेत मोठ्याने घोरणे, श्वास अडकणे, गुडघे किंवा कंबर दुखून लंगडणे, सारखी तहान लागणे, यांपैकी काही दिसल्यास विलंब करू नये.

यासाठी सरकारी यंत्रणा उपलब्ध आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. या कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा येतात आणि जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. पथक येईल त्या दिवशी शिक्षकाने आपल्या नोंदवहीतून बोट ठेवून सांगावे की या मुलाचे वजन गेल्या वर्षात इतके वाढले, उंची मात्र वाढली नाही. एवढ्या एका वाक्याने निदान वर्षभर अलीकडे येऊ शकते. पुढील तपासणीसाठी नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथे बालरोग विभाग आहेत.

प्रत्येक आजाराचे पथ्य निराळे असते, हेही सांगितले पाहिजे. थायरॉइडची गोळी सकाळी अनशापोटी घ्यावयाची आणि नंतर अर्धा ते एक तास काही खावयाचे नाही. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही मुलाला, ते कितीही जाड असो, उपाशी ठेवणे धोक्याचे आहे. साखर एकाएकी उतरून ते बेशुद्ध पडू शकते. सूज असलेल्या नेफ्रोटिकच्या मुलाला मीठ कमी लागते. परंतु प्रथिने जातात म्हणून त्याला चार-चार अंडी खाऊ घालण्याची गरज नसते, वयाला साजेशी प्रथिने पुरतात. ज्याच्या मूत्रपिंडाचे कामच मंदावले आहे त्याला डाळी व काही फळेदेखील मोजून द्यावी लागतात, आणि बाजारात मिळणारे कमी सोडियमचे मीठ अशा मुलाला विचारल्याशिवाय देऊ नये, कारण त्यात पोटॅशियम असते. दम्याच्या मुलाला धाप लागते म्हणून घरात बसवून ठेवतात. त्याने वजन वाढते आणि वजनाने धाप वाढते. ते चक्र तोडावयाचे तर ओढावयाचे औषध नियमित चालू ठेवून त्याला खेळू दिले पाहिजे.

आणखी एक दिलासा मी आईबापांना नेहमी देतो. मोठ्या माणसाप्रमाणे मुलाचे वजन उतरवण्याची घाई सहसा करावयाची नसते. मूल वाढत असते. वजन आहे तेथे थांबले आणि उंची वाढत राहिली, तरी पुष्कळ मुले आपोआप मापात येतात. वजन उतरवणारी पावडर, काढे आणि उपवास यांना बालवयात स्थान नाही.

ताटात काय असावे

आता ताटाकडे येऊ. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी सुधारित आहारविषयक मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांतील तपशील पुष्कळ आहे, पण त्याचा मथितार्थ आपल्या आजीच्या स्वयंपाकापासून फार दूर नाही. सोप्या भाषेत सांगावयाचे तर ताटाचा अर्धा भाग भाजी, कोशिंबीर व फळ यांचा. पाव भाग भाकरी, पोळी किंवा भात. आणि उरलेला पाव भाग वरण, उसळ, अंडे किंवा मासे-मटण. शिवाय वाटीभर दही किंवा ताक.

आपल्या भागाला यासाठी बाहेर पाहण्याची गरज नाही. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि तितकाच चोथा असतो. पांढऱ्या तांदळात चोथा ३ ग्रॅमहूनही कमी. या चोथ्यामुळे भाकरी पोटात अधिक वेळ राहते आणि भूक लवकर लागत नाही. ज्या मुलीला औषधाने भूक लागते तिच्यासाठी याहून चांगले अन्न कोणते? आणि एक गोष्ट आपल्या ध्यानातही येत नाही: बहुतेक घरांत भाकरीच्या पिठात मीठ घालतच नाहीत. मीठ वर्ज्य असलेल्या मुलाला ती आपोआपच चालते. मीठ येते ते पापड, लोणचे, ठेचा, फरसाण आणि पाकिटातील पदार्थांतून.

भाकरीबरोबर अंबाडी, करडई, तांदुळजा, घोळ, चंदनबटवा, शेपू या आपल्या शिवारातील भाज्या. काकडी, मुळा, गाजर. हंगामात पेरू, बोरे, सीताफळ मापात. वरणासाठी तूर तर आपल्या अंगणातीलच. लातूर जिल्ह्यातील बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपण अभिमान बाळगतो. तो अभिमान मुलाच्या वाटीतही दिसावा. फोडणीचे तेल दरमाणशी महिन्याला अर्ध्या लिटरच्या आसपास ठेवले म्हणजे पुरते. सकाळच्या न्याहारीला सुशीला करावयाचा असेल तर चुरमुरे मुळातच खारट असतात हे लक्षात घेऊन वरून मीठ घालू नये; आणि मिठाचे कडक पथ्य असेल त्या दिवसांत तो टाळावा. धपाटे तव्यावर थोड्या तेलावर होतात. तळलेल्या पुरीपेक्षा ते केव्हाही बरे.

दुर्दैवाने ही भाकरी आपल्या ताटातून मागे सरते आहे. शेतात सोयाबीनने ज्वारीची जागा घेतली. नगदी पीक शेतकऱ्याला हवे, त्याला दोष कसा द्यावा? पण शेतातून गेलेले धान्य हळूहळू घरातूनही जाते. त्याच्या जागी तांदूळ, मैद्याची खारी आणि बिस्किटे आली. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ज्वारीची सुधारित वाणे दिली आहेत, २०२३ हे वर्ष जगाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. पण ज्वारी परत यावयाची ती अखेर चुलीवरच यावी लागेल.

मुलांच्या वजनाचा खरा हिशेब जेवणात नाही, जेवणाच्या मधल्या वेळेत आहे. १०० ग्रॅम ग्लुकोज बिस्किटांत सुमारे ४५० उष्मांक असतात. प्राथमिक शाळेतील पोषण आहाराच्या संपूर्ण जेवणाचे प्रमाणही ४५० उष्मांक हेच आहे. फरक असा की त्या जेवणात १२ ग्रॅम प्रथिने अभिप्रेत आहेत, आणि बिस्किटांत पाव भाग निव्वळ साखर. रंगीत शीतपेयाच्या २५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे पाच चमचे साखर असते. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे साखरेचा चहा, त्यात बुडवलेली खारी, शाळेबाहेर पाकीट आणि पाहुण्यांसाठी आणलेली बाटली; एवढे बंद झाले तरी जेवणाला हात न लावता मोठा फरक पडतो. मधल्या भुकेला बिनमिठाचे फुटाणे, काकडी, पेरू, पातळ ताक द्यावे. खाणे दूरदर्शनसमोर किंवा मोबाईल हाती घेऊन नसावे. त्याने पोट भरल्याचे कळत नाही.

एकच ताट

आता त्या मुलीच्या घराकडे परत येतो. आम्ही आईला एवढेच सांगितले की मुलीचे ताट वेगळे करू नका; घराचे ताट बदला. पथ्य एकट्या मुलावर लादले की ती शिक्षा होते, आणि शिक्षा झाली की मूल चोरून खाते. भाऊ लाडू खात असताना बहिणीने काकडी चावत बसावे ही अपेक्षा कोणत्या न्यायाने करावयाची?

घरात शेव-फरसाण आणणे थांबले. बाटली बंद झाली. लोणच्याची बरणी जेवणाच्या जागेवरून उठली. वडिलांनीही चहातील साखर अर्ध्यावर आणली. ते सर्वांत अवघड गेले असे ते हसत सांगतात. आजींकडे मुलीच्या संध्याकाळच्या खाण्याचे काम सोपवले. ज्या हातांनी लाडू दिले जात होते त्याच हातांनी आता पेरूच्या फोडी आणि ताक येऊ लागले. आजींचे देणे थांबले नाही, ते फक्त बदलले. गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे पुन्हा सुरू झाल्या व पुढे क्रमाने कमी झाल्या. रोज सकाळी लघवीची घरच्या घरी तपासणी करून आई वहीत लिहू लागली. संध्याकाळी दोघे भावंडे वडिलांबरोबर गावाच्या वेशीपर्यंत चालत जाऊ लागली.

वर्षाअखेर तिचे वजन साडेछत्तीस किलो होते, म्हणजे केवळ अर्धा किलो वाढले. उंची मात्र १२४ वरून १२८ सेंटीमीटर झाली. ती अजून स्थूल आहे. आजार पुन्हा उलटणार नाही असे मी सांगू शकत नाही. परंतु मुलगी पंगतीला बसू लागली आहे, आणि माझ्या दृष्टीने तो आकड्यांहून मोठा बदल आहे.

शाळेने काय करावे

शिक्षक मित्रांना माझ्या काही विनंत्या आहेत. मुलांचे वजन सर्वांसमोर मोठ्याने वाचू नका. एकेकाला बाजूला बोलावून मोजा. स्थूल मुलाला टोपणनाव पडू देऊ नका. पडले असेल तर ते मोडून काढणे हे शिक्षणाचेच काम आहे. थट्टेने वजन कमी होत नाही, चोरून खाणे मात्र वाढते. शालेय पोषण आहाराच्या पंगतीतून जाड मुलाला उठवू नका. नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १,७०० उष्मांक लागतात. शाळेची खिचडी त्याचा पाव हिस्सा भरते. ती वजनाचे कारण नव्हे. उलट तीत भाजी व डाळ ठरल्या प्रमाणात पडते की नाही, हे पाहणे आपले काम आहे.

ज्या मुलास आजाराचे पथ्य आहे त्याच्या पालकांकडून डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन ठेवा: मीठ चालते की नाही, औषध केव्हा घ्यावयाचे, त्रास झाल्यास कोणाला कळवावयाचे. खेळाच्या तासाला अशा मुलाला झाडाखाली बसवून ठेवू नका. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर तरी अंगमेहनतीचा खेळ खेळावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सर्वांबरोबर धावणे जमत नसेल तर चालणे, दोरीवरून हळू उड्या, लगोरी, बागेला पाणी घालणे, जे झेपेल ते द्या. अपंग मुलालाही हातांचे खेळ देता येतात. वाढदिवसाला चॉकलेट वाटण्याऐवजी एखादे फळ किंवा शाळेच्या ग्रंथालयाला एक पुस्तक, अशी प्रथा पाडता येईल.

लातूर आणि नांदेड ही शिक्षणाची मोठी केंद्रे झाली आहेत. 'लातूर पॅटर्न'चे नाव राज्यभर झाले, आणि दूरदूरची मुले येथे वसतिगृहांत व खोल्या घेऊन राहतात. पंधरा-सोळा वर्षांची ही मुले दिवसाचे दहा-बारा तास बसून असतात, खाणावळीचे जेवतात आणि जागरणाच्या भुकेला वडापाव व चहा घेतात. त्यांत दम्याची, थायरॉइडची, मधुमेहाची मुलेही असतात आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारी आई गावाकडे असते. वसतिगृहचालकांनी व शिकवणीवर्गांनी प्रवेशाच्या वेळी आजाराची नोंद घ्यावी, खाणावळीत रोज एक पालेभाजी व कोशिंबीर ठेवावी आणि संध्याकाळचा एक तास मोकळा सोडावा, ही अपेक्षा फार मोठी नाही.

पंचायतीचे व अधिकाऱ्यांचे काम

पंचायत सदस्यहो, आपण म्हणाल की ताट हा घरातील विषय, त्यात ग्रामपंचायतीचा काय संबंध? संबंध आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२० साली केलेल्या विनियमानुसार अतिरिक्त स्निग्धांश, साखर व मीठ असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. आपल्या गावातील शाळेच्या फाटकापासून ५० पावले चालून पाहा, आणि काय दिसते ते आपणच ठरवा. दुकानदार आपल्याच गावचा, आपल्याच भावकीतील असतो, हे मला ठाऊक आहे. त्याचा धंदा बुडवावयाचा नाही. त्याने फुटाणे, शेंगा, केळी, पेरू, उकडलेली अंडी ठेवावीत आणि मुलांच्या हातातील पैसा त्या मालावर जावा, यासाठी त्याच्याशी बसून बोलावयाचे आहे.

ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत वर्षातून दोनदा तरी मुलांच्या वाढीचा विषय घ्यावा, आणि त्यात कमी वजनाबरोबर जादा वजनाचाही विचार व्हावा. शाळेच्या मैदानावर अतिक्रमण होऊ देऊ नये. परसबागेला पाणी द्यावे. आमच्याकडे पाणी कोठे आहे, असे आपण विचाराल. २०१६ साली रेल्वेने पाणी प्यालेल्या लातूरला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. पण शेवगा, कढीपत्ता यांना फार पाणी लागत नाही, आणि हात धुतलेल्या पाण्यावर पालेभाजीचे दोन वाफे जगतात.

अधिकारी मित्रांना एवढेच सांगावयाचे आहे की आपल्या तक्त्यात जादा वजनाचा रकाना असेल तर तो भरून घ्या. जे मोजले जात नाही त्याची चौकशी कोणी करीत नाही. आणि अशा मुलाची नोंद झाली की ती शाळा, आशाताई, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि जिल्ह्याचे रुग्णालय या साखळीत कोठे तुटत नाही ना, हे पाहावे.

मित्रहो, नांदेडला सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात लंगर चालतो. आपणांपैकी अनेकजण तेथे जेवले असतील. लहान-मोठा, गरीब-श्रीमंत, सारे एका ओळीत बसतात आणि सर्वांच्या ताटात एकच अन्न पडते. आजारी मुलाच्या घरी मला हेच हवे आहे. मूल आजारी आहे, म्हणून त्याने एकट्याने सोसावे असे नको. घराने, शाळेने आणि गावाने त्याच्या ओळीत येऊन बसावे. त्याला पचेल, झेपेल तेच सर्वांनी चवीने खावे. त्यात त्याचे पथ्य आपोआप पाळले जाईल, आणि खरे सांगावयाचे तर ते आपल्या सर्वांच्याच हिताचे आहे.

आज येथून घरी गेल्यावर आपल्या शाळेतील, आपल्या वस्तीतील असे एक मूल आठवा. त्याची उंची आणि वजन शेवटी केव्हा मोजले, एवढे उद्या विचारा. सुरुवात तेथून होईल.